इंका वाट आणि माचू पिक्चू: नऊ महिन्यांनंतर, गुडघ्यासकट

गेल्या मे महिन्यात पेरूहून परतले तेव्हाच लिहायचं होतं. राहिलं ते बरं झालं. तेव्हा लिहिलं असतं तर ‘अप्रतिम’ आणि ‘अविस्मरणीय’ यापलीकडे गाडी गेली नसती. आता नऊ महिने उलटलेत, फोटो कोणी मागत नाही, डावा गुडघा जिना उतरताना अजून बोलतो, आणि त्या सहलीतलं काय उरलं नि काय विरलं ते जरा नीट दिसतंय.

आम्ही दोघी बहिणी. मी पुण्याची, वय ५४. ताई न्यू जर्सीला असते, ती ५९. अकरा दिवसांची सहल, गटात अकरा जण: लिमा, मग उरुबांबा नदीचं खोरं (तिकडे त्याला पवित्र दरी म्हणतात), कुस्को, चार दिवस इंका वाटेने (स्पॅनिश येण्याआधी तिकडे राज्य करणाऱ्या इंकांची जुनी दगडी वाट) पायी आणि शेवटी माचू पिक्चू, त्यांचं डोंगरावरचं जुनं शहर. विमान सोडून माणशी साधारण अडीच लाख पडले. पाचपैकी चार देईन. एक कुठे कापला ते पुढे येतंय, म्हणूनच कंपनीचं नाव घेत नाही.

आणि हो, ‘पिक्चू’च. आमच्या गाईडने पहिल्याच दिवशी सगळ्यांकडून वदवून घेतलं. तो कुस्कोजवळच्या गावातला, घरी केचुआ ही तिकडची जुनी भाषा बोलणारा. माचू म्हणजे म्हातारा, पिक्चू म्हणजे शिखर. मधला ‘क’ खाल्ला तर अर्थ भलतीकडे जातो म्हणाला, आणि भलतीकडे म्हणजे कुठे ते काही सांगेना.

कंपनीला चार मिळाले त्यातला निम्मा वाटा दिवसांच्या मांडणीला. लिमा समुद्रकाठी, कुस्को ३,४०० मीटरवर, आणि मधे जेमतेम दीड तासाचं विमान. उतरल्या उतरल्या कुस्कोत मुक्काम टाकला की पहिली रात्र डोकं धरून जाते. आम्हाला विमानतळावरून थेट गाडीत घालून खाली खोऱ्यात नेलं, २,८०० मीटरच्या आसपास. आधी तीन दिवस तिथे, मग दोन दिवस कुस्को, आणि मग ट्रेक. डॉक्टरांना विचारून डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, घेत होतो. बोटांना मुंग्या येतात आणि रात्री चारदा उठावं लागतं, पण डोकं जागेवर राहिलं. तयारी म्हणून मी चार महिने आठवड्यातून दोनदा सिंहगड आणि अधल्यामधल्या दिवशी पर्वती करत होते. पायांना फायदा झाला, श्वासाला शून्य. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. माचू पिक्चूच्या पायथ्याचं गावसुद्धा त्याच्या वर चारशे मीटर आहे.

खोऱ्यातली मोराय नावाची गोल गोल उतरत जाणारी शेतं बघितली, छान आहेत, अर्ध्या तासात होतात. इंकांनी तिथे वेगवेगळ्या तापमानात पिकं करून बघितली असावीत असा एक तर्क आहे. मारास म्हणजे चक्क डोंगरातलं मिठागर: एक खारा झरा आणि उतारावर तीन हजारांहून जास्त वाफे, कुटुंबाकुटुंबांत वाटलेले. कोकणात मिठागर बघितलेल्याला ते तीन हजार मीटरवर बघताना गंमत वाटते.

खोऱ्यातल्याच ओयांतायतांबो गावाला मात्र एक दिवस कमी पडला. वर सूर्यमंदिराचे सहा गुलाबी दगड उभे आहेत, माणसाच्या दुपटीहून उंच, आणि त्यांची खाण समोरच्या डोंगरावर, नदीच्या पलीकडे. म्हणजे तिथून दगड खाली घसरवत आणायचा, नदी पार करायची आणि परत वर चढवायचा. काही दगड वाटेतच पडून राहिलेत. लोक त्यांना ‘दमलेले दगड’ म्हणतात. १५३७ मध्ये मान्को इंका या राजाने स्पॅनिश घोडदळाला इथूनच परतवलं, खालच्या मैदानात नदीचं पाणी सोडून. पण मला जास्त आवडलं ते खालचं गाव. इंकांनी आखलेल्या अरुंद गल्ल्या तशाच आहेत, आणि गल्लीच्या कडेने दगडी पाट वाहतो. एक बाई दारात बसून त्यात कोथिंबीर धूत होती. नळ असेलच घरात, पण पाट दारातून जातोय तर कशाला उठा.

कुस्कोत भिंती बघायच्या. चुना नाही, माती नाही, दगडाला दगड असा बसवलाय की सांध्यात नख जात नाही. कोरिकांचा या सूर्यमंदिरावर स्पॅनिशांनी चर्च आणि मठ चढवला; १९५० च्या भूकंपात वरचं बांधकाम बरंच पडलं आणि खालच्या इंका भिंती जशाच्या तशा राहिल्या. बारा कोनांचा प्रसिद्ध दगड एका गल्लीतल्या भिंतीत आहे. आम्ही जायच्या तीन महिने आधी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, एका माणसाने रात्री त्यावर हातोडा चालवला होता. टवके उडालेले दिसतात. आपल्याकडे गडावर नावं कोरणारे असतात, तिकडे हातोडेवाले.

जेवणाची काळजी करू नका. आम्ही दोघी शाकाहारी. गिनीपिग भाजून समोर येतो ते सोडा, पण किन्वाचं सूप, बटाटे आणि टपोऱ्या दाण्यांच्या मक्याबरोबर चीज यावर माणूस मजेत राहतो. कुस्कोच्या सान पेद्रो बाजारात ‘किविचा’च्या वड्या दिसल्या. चावा घेतला तर राजगिऱ्याची वडी! राजगिराच तो, त्यांच्याकडचा. ताईचा त्या दिवशी गुरुवार होता. मग बाजारात उभ्या उभ्या आमचा हिशेब सुरू झाला: बटाटा तिकडचा, शेंगदाणा तिकडचा, मिरची तिकडची, साबुदाणा ज्या कंदाचा करतात तोही तिकडचाच. आपलं उपवासाचं ताट दक्षिण अमेरिकेतून आलंय आणि आम्ही पुण्याहून शेंगदाण्याची चटणी डब्यात भरून परत तिकडेच घेऊन आलो होतो.

ती चटणी अर्धी हॉटेलातच सोडावी लागली, आणि इथून तक्रारी सुरू. ट्रेकमध्ये पोर्टरकडे द्यायची बॅग स्लीपिंग बॅगसकट सात किलोंत बसवायची, हे आम्हाला आदल्या संध्याकाळी सांगितलं. नियम रास्त आहे. पोर्टरच्या पाठीवर २० किलोंपेक्षा जास्त ओझं नको असा कायदा आहे आणि सुरुवातीच्या नाक्यावर खरोखर वजन करतात. पण सहा महिने आधी पैसे घेतलेत, तर एक ओळ तेव्हाच लिहायला काय झालं होतं?

दुसरी तक्रार ‘मध्यम’ या शब्दाची. माहितीपत्रकात ट्रेक ‘मध्यम’ लिहिला होता. पहिला दिवस तसाच आहे. रेल्वेच्या ८२ व्या किलोमीटरपासून सुरुवात, पासपोर्ट तपासणी (परमिट पासपोर्टच्या नंबरावर असतं, ताईचा मधल्या काळात नवा झाला होता, जुना बरोबर होता म्हणून निभावलं), मग नदीकाठाने आरामात. दुसऱ्या दिवशी वार्मिवान्युस्का, म्हणजे मेलेल्या बाईची खिंड, ४,२१५ मीटर. एका दमात साधारण १,२०० मीटर चढ, तोही दहा पावलांत श्वास संपतो अशा हवेत. दहा पावलं, थांबा, पुन्हा दहा. ताई माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी आणि माझ्या अर्धा तास आधी वर पोचली होती, हेही नोंदवून ठेवते.

त्या चढावर मागून कोणीतरी ‘पोर्टर!’ ओरडायचं आणि आम्ही सगळे डोंगराच्या अंगाला चिकटून उभे राहायचो. दरीच्या बाजूला नाही, हे गाईडने पहिल्याच दिवशी डोक्यात भरवलं होतं. मग ते जायचे, जवळजवळ पळत. एक जण साठीकडे झुकलेला असावा. पायात जुन्या टायरच्या चपला, टाचांना भेगा, कमरेला लटकणाऱ्या छोट्या रेडिओवर तिकडची गाणी, आणि पाठीवर दोरीने बांधलेल्या घडीच्या खुर्च्या. संध्याकाळी जेवणाच्या तंबूत मी त्यातल्याच एका खुर्चीवर बसले आणि उगीचच अवघडून बसले. शेवटच्या रात्री बक्षिशी गोळा करतात. त्यासाठी सोलच्या (तिकडचं चलन) सुट्ट्या नोटा कुस्कोतूनच न्या आणि हात आखडू नका.

स्वयंपाक्याने तिसऱ्या रात्री गॅसच्या शेगडीवर केक केला. संडासांबद्दल गटातल्या इतरांनी बरीच रड केली. आम्हाला उकिडवं बसायची सवय, आमचं काही अडलं नाही.

तिसरा दिवस अंतराने सगळ्यात मोठा, आणि सहल खरी इथे आहे. वाटेत इंकांच्या वस्त्यांचे अवशेष: सायाकमार्का, मग ढगांवरचं गाव असं ज्याचं नाव आहे ते फुयुपातामार्का, आणि मधे दगडांनी बांधून काढलेली वाट, पाचशे वर्षांपूर्वीची. इंकांच्या असल्या वाटा सहा देशांत मिळून ३० हजार किलोमीटरच्या वर आहेत. त्यांच्याकडे गाडी नव्हती, घोडाही नव्हता. माणूस आणि ओझं वाहणारा लामा नावाचा प्राणी, बस. म्हणून वाट चढावर वळसे घेत बसत नाही, सरळ पायऱ्या टाकून वर जाते आणि तशीच खाली येते. निरोप नेणारे धावपटू नोंदीसाठी गाठी मारलेल्या दोऱ्या घेऊन यावरून पळायचे. फुयुपातामार्कापासून पुढे अशा पायऱ्या तासन् तास उतरतात, कुठे गुडघाभर उंच, कुठे पाऊलही मावणार नाही इतक्या अरुंद. माझा गुडघा तिथेच गेला. मी काठ्या वापरत नाही, सह्याद्रीत कधी लागल्या नाहीत, असं घरून ठासून सांगून निघाले होते. काठ्या घ्या. टोकाला रबर लावलेल्याच चालतात.

मुक्कामाच्या तंबूपासून पाच-दहा मिनिटांवर विन्याय वायना आहे. नावाचा अर्थ ‘सदा तरुण’, एका ऑर्किडवरून पडलेलं. मी लंगडत होते, जायचं नव्हतं, ताईने दंडाला धरून नेलं. डोंगराच्या कुशीत वळत गेलेली पायऱ्यांची शेतं, खाली थोडी घरं, आणि वरून खालपर्यंत जिन्याच्या कडेने एकाखाली एक दगडी कुंड्या. वरच्या कुंडीतलं पाणी खालच्या कुंडीत पडतं, तिच्यातलं तिच्या खालच्या. अजून वाहतंय. आम्ही सगळे मिळून सात-आठ जण होतो, कोणी बोलत नव्हतं, खाली खोल उरुबांबाचा आवाज आणि इथे हा बारीक. मी शेवटच्या पायरीवर बसून अंधार पडेपर्यंत ते पाणी बघत होते. नऊ महिन्यांनी डोळे मिटले की मला पेरूतलं हेच दिसतं. माचू पिक्चू नाही.

माचू पिक्चूबद्दल बोलायचं तर पहाटे साडेतीनला उठवलं, साडेपाचला नाका उघडला, सूर्यदारात (वाटेच्या शेवटी, माचू पिक्चूच्या वर उघडणारं इंकांचं दार) पोचलो तर पुढे पांढरा पडदा. पाऊणेक तासाने धुकं फाटलं आणि खाली ते सगळं दिसलं. रडू आलं, खोटं का बोला. पण खाली उतरल्यावर प्रकार वेगळा. आता आत ठरवून दिलेल्या मार्गानेच, एकाच दिशेने चालायचं. मागे फिरता येत नाही. आमच्या कार्यक्रमात ‘पूर्ण दिवस माचू पिक्चू’ लिहिलं होतं. प्रत्यक्षात आमच्या तिकिटाचा मार्ग अडीच तासांत संपला आणि खालच्या भागातली मंदिरं त्यात नव्हतीच. दुसऱ्या मार्गाचं तिकीट वेगळं काढावं लागतं आणि ते मेमध्ये आयत्या वेळी मिळत नाही. गाईड बिचारा ओशाळला, दोष त्याचा नव्हता. एक गुण कापला तो इथे.

त्या अडीच तासांतही गाईडने पाणी दाखवलं त्याबद्दल त्याला सलाम. इंका सम्राट पचाकुतीने पंधराव्या शतकात हे बांधवलं ते धो धो पावसाच्या डोंगरधारेवर. शेतांच्या पायऱ्यांखाली मोठे दगड, वर खडी, वर माती असे थर आहेत, म्हणून पाणी झिरपून जातं आणि डोंगर खचत नाही. १९११ मध्ये हायरम बिंगहॅम या अमेरिकन संशोधकाने ‘शोधलं’ म्हणतात, तेव्हा तिथे शेतकरी कुटुंबं राहून शेती करत होती.

इंका वाटेवर दिवसाला ५०० माणसं सोडतात, पोर्टर आणि गाईड धरून. आधी मला ती कटकट वाटली होती. मी परतल्यावर दोन महिन्यांनी आपल्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. त्यानंतरच्या एका रविवारी भाचा राजगडावर जाऊन आला. म्हणाला, मावशी, संजीवनी माचीवर रांग होती. मी त्याला ५०० चा आकडा सांगितला तर तो म्हणे, तेवढे तर पाली दरवाज्यात होते.

आता कामाचं. भारतातून जाणाऱ्यांनी यलो फीव्हरची लस निघण्याआधी निदान दहा दिवस घ्या. पेरू तुमच्याकडे मागणार नाही, आपला विमानतळ परतताना मागतो. मी नेवार्कला एकच रात्र थांबून आले आणि मुंबईत कार्ड दाखवावं लागलं. कंपनीच्या यादीत हे नव्हतं, त्यांचे बाकीचे गिऱ्हाईक अमेरिका-युरोपातले. कोकाच्या पानांचा चहा तिकडे खुशाल प्या, पण पानं किंवा गोळ्या बॅगेत घालून आणू नका. वाट दर फेब्रुवारीत दुरुस्तीसाठी बंद असते. मेची परमिटं आम्ही नोव्हेंबरात काढली होती, त्याहून उशीर करू नका.

गुडघे कुरकुरत असतील तर चार दिवसांचा हट्ट सोडा. रेल्वेच्या १०४ व्या किलोमीटरला उतरून एका दिवसाची छोटी वाट आहे. ती विन्याय वायनावरून जाते आणि सूर्यदारातूनच उतरते. मला कोणी हे ठासून सांगितलं असतं तर... तरी मी ऐकलं नसतं.

आणलेल्या वस्तूंपैकी कुस्कोजवळच्या चिंचेरो गावच्या विणकर बाईकडून घेतलेली पट्टी टेबलावर आहे, रंग तसूभर उतरला नाही. बाजारातला ‘बेबी अल्पाका’ (लामाच्या भाऊबंदाच्या पिल्लाची म्हणून विकतात ती लोकर) स्वेटर पहिल्या धुण्यात सैल झाला आणि त्याला गोळे आले, म्हणजे बाळही नव्हतं आणि अल्पाकाही. मारासच्या मिठाचा पुडा गेल्या आठवड्यात कोशिंबिरीत संपला.

ताई सध्या साल्कान्ताय ट्रेक बघतेय. खिंड ४,६०० मीटरच्या वर. रोज रात्री मला एक नवी लिंक पाठवते. मी उत्तरादाखल गुडघ्यावरच्या बर्फाच्या पिशवीचा फोटो पाठवते.