स्ट्रीट स्टॉक, लेट मॉडेल की स्प्रिंट? मातीच्या ओव्हलवर पहिली आरसी गाडी निवडताना

आम्ही मध्य पेनसिल्व्हेनियात राहतो. इथे उन्हाळ्यातला शुक्रवार विल्यम्स ग्रोव्हचा असतो. मेकॅनिक्सबर्गजवळचा हा अर्ध्या मैलाचा मातीचा ट्रॅक १९३९ साली सुरू झाला. डोक्यावर भला मोठा पंख घेतलेल्या स्प्रिंट कार तिथे आडव्या होत वळणात शिरतात, तेव्हा बाकड्यावर बसलेल्या माणसाच्या अंगावर ओल्या मातीची ढेकळं येऊन पडतात. हे एकदा पाहिलं की शनिवारी आरसी, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांच्या ओव्हलवर (लंबगोल ट्रॅकवर) नजर फक्त स्प्रिंट शोधते. ओळखीच्या तीन मराठी कुटुंबांनी मला गेल्या दोन मोसमांत विचारलं, "पहिली गाडी स्प्रिंटच घेऊ ना?" तिघांनाही मी थांबवलं. का थांबवलं, ते इथे सविस्तर सांगतो.

आमच्या ट्रॅकवर नव्या माणसापुढे तीन पर्याय असतात: स्ट्रीट स्टॉक, लेट मॉडेल आणि स्प्रिंट. मॉडिफाइड आणि मिजेटही धावतात, पण त्या पहिल्या गाड्या नव्हेत. मिजेट म्हणजे बिनपंखाची आखूड स्प्रिंट, ती सावरायला आणखी अवघड. तिन्ही पर्यायांत सारखेपणा बराच आहे. प्रमाण एकास दहा, ताकद फक्त मागच्या चाकांना, दोन सेलची ७.४ व्होल्टची लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी, आणि वळायचं कायम डावीकडे. त्यामुळे टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या तर फरक रंगरूपाचाच वाटतो. खरा फरक रात्री नऊनंतर कळतो.

त्यासाठी आधी रात्र कशी सरकते ते पाहू. चारला फाटक उघडतं, सहापर्यंत सराव आणि नावनोंदणी. आमच्याकडे एका क्लासचे, म्हणजे गाड्यांच्या एका गटाचे, वीस डॉलर. मग प्रत्येक क्लासच्या पाच पाच मिनिटांच्या दोन हीट, म्हणजे प्राथमिक शर्यती, होतात आणि त्यांच्या निकालावरून मुख्य शर्यतीतली जागा ठरते. गाडीत अंगठ्याच्या पेराएवढा ट्रान्सपॉन्डर असतो. सुरुवातीच्या रेषेखाली पुरलेल्या तारेवरून गाडी गेली की संगणक फेरी मोजतो. तुमची शर्यत संपली की गाडी टेबलावर ठेवायची आणि लगेच पुढच्या शर्यतीसाठी मार्शल म्हणून वळणावर उभं राहायचं, उलटलेल्या गाड्या सरळ करायला. हे काम टाळलं तर तुमची हीट बाद होते, आणि ते योग्यच आहे. नव्या माणसाला मार्शलगिरीतून जितकं कळतं तितकं दुसऱ्या कशातून कळत नाही. स्ट्रीट स्टॉकच्या हीटला मला पाच मिनिटांत दोनतीनदा धावावं लागतं. स्प्रिंटच्या हीटला दहा वेळा.

आता मातीकडे येतो, कारण सगळा निर्णय तिच्यावर आहे. तालमीतली तांबडी माती जशी ताक, तेल, हळद, लिंबू घालून मुरवतात, तशी इथली चिकण माती पाणी मारून, रोलर फिरवून तयार करतात. काही ठिकाणी कॅल्शियम क्लोराइडही टाकतात, म्हणजे ओल धरून राहते. संध्याकाळी पहिल्या हीटला ही माती ओलसर आणि चिकट असते. टायरचे रबरी काटे तिच्यात रुततात आणि कुठलीही गाडी रुळावरून चालल्यासारखी वळते. दुसऱ्या हीटपर्यंत मधला पट्टा घासून गुळगुळीत होतो. मुख्य शर्यतीच्या वेळी तो दिव्याखाली चकाकतो, काटे रुततच नाहीत आणि सुटी माती बाहेरच्या कडेला बांधासारखी साचते. चार तासांत तुम्ही तीन वेगवेगळ्या ट्रॅकवर गाडी चालवलेली असते.

स्ट्रीट स्टॉकपासून सुरू करतो. बहुतेक ठिकाणी हिच्या पोटात ट्रॅक्ससच्या स्लॅश किंवा बँडिटसारख्या साध्या गाडीची चासी (सांगाडा) असते आणि वर जुन्या अमेरिकन सेदानसारखी प्लॅस्टिकची बॉडी. स्लॅश २००८ साली आली आणि तिच्यामुळे सुट्या भागांचा प्रश्न जवळजवळ मिटला. आर्म (चाक धरणारा दांडा), ॲक्सल, गिअर हे सगळं अनेक हॉबी दुकानांत टांगलेलं मिळतं. टीम असोसिएटेडची एसआर१० तर मुळात डर्ट ओव्हलसाठीच तयार मिळते. पण ती तुमच्या ट्रॅकच्या स्ट्रीट स्टॉकमध्ये बसते का, हे आधी विचारा, कारण नियम गावोगाव बदलतात. या क्लासमध्ये साधारणपणे मोटर ठरलेली, टायर ठरलेले, म्हणून पैशाने वेग विकत घेता येत नाही. ही गाडी जिंकायची असेल तर चालवता यावी लागते.

दोषही सांगतो. स्लॅशची चासी उंच आहे. संध्याकाळच्या चिकट मातीवर वेगात वळली की आतली चाकं उचलतात आणि गाडी उजव्या कुशीवर पडते. शॉकमध्ये छोट्या नळ्या घालून तिला खाली बसवलं की हे बरंच कमी होतं. अर्ध्या तासाचं काम आहे. मात्र रात्री ट्रॅक गुळगुळीत झाला की तिचा मऊपणाच कामी येतो. हळू घसरते, घसरते आहे हे दिसतं, आणि सावरायला वेळ देते.

हा वेळ फार महत्त्वाचा आहे. चालक एका बाजूच्या उंच मचाणावर उभा असतो. पहिल्या दोन वळणांत गाडी तुमच्यापासून दूर जाते, म्हणजे तुमचं डावं ते तिचं डावं. तिसऱ्या-चौथ्या वळणात ती तुमच्याकडे तोंड करून येते आणि डावं-उजवं उलटं होतं. त्यातच मातीवर गाडी डावीकडे वळत असताना तिची पुढची चाकं उजवीकडे धरायची असतात, नाहीतर मागचा भाग पुढे येऊन ती गरकन फिरते. हे दोन उलटेपणे हातात एकदम बसायला बहुतेकांना अर्धा मोसम लागतो. तोवर चुका करायला जागा देणारी गाडी हवी.

स्प्रिंट ती जागा देत नाही. तिचं रूप मोठ्या स्प्रिंटचंच आहे: आखूड, हलकी, चारही चाकं उघडी, उजवं मागचं चाक डाव्यापेक्षा मोठं, वर पंख. मोठ्या गाडीचा वरचा पंख २५ चौरस फुटांचा असतो, आणि सुमारे नऊशे अश्वशक्तीचं इंजिन मातीवर टेकून ठेवायला तो लागतोच. छोट्या गाडीतही पंख खोटा नाही. सरळ पट्ट्यावर तो तिला खाली दाबतो आणि आडवी झाली की त्याच्या बाजूच्या पट्ट्या वारा अडवून तिला धरून ठेवतात. रात्रीच्या कोरड्या ट्रॅकवर चांगल्या हातातली स्प्रिंट बाहेरच्या मातीच्या बांधाला उजवं चाक टेकवून जाते, तेव्हा अख्खा पिट उठून कठड्याशी येतो. दर शनिवारी ते पाहूनही माझं मन भरलेलं नाही.

पण उघडं चाक उघड्या चाकाला लागलं की काय होतं ते समजून घ्या. पुढच्या गाडीचं मागचं चाक वर फिरत असतं. तुमचं पुढचं चाक त्याला टेकताच त्यावर चढतं आणि तुमची गाडी हवेत जाते. चाकं झाकलेल्या गाड्यांत हीच धडक नुसती घासून निघते. सात नवशिक्यांच्या स्प्रिंट हीटमध्ये हे फेरीफेरीला घडतं. शिवाय आखूड गाडी लवकर फिरते. घसरते आहे हे डोळ्यांना कळेपर्यंत ती उलट तोंडाने उभी असते.

आमच्या घरातली गोष्ट आहे. लेकीला बारावं वर्ष लागलेलं, विल्यम्स ग्रोव्ह पाहून आलेली, आणि आम्ही तिच्यासाठी तयार स्प्रिंट आणली. पहिल्या रात्री पहिल्या हीटला पुढचा आर्म गेला. टेबलावर बसून बदलला. दुसऱ्या हीटला तोच पुन्हा. मुख्य शर्यतीत तिच्या दोन फेऱ्या झाल्या. गाडीत काही खोट नव्हती, ती आजही आमच्याकडे आहे आणि छान चालते. चूक माझी होती, कारण मी तिच्या हाताआधी तिच्या हौसेचा विचार केला. परतताना ती गाडीत एक शब्द बोलली नाही. महिनाभराने तिच्यासाठी जुनी स्ट्रीट स्टॉक घेतली. ऑगस्टअखेर ती बी मेनमध्ये, म्हणजे दुसऱ्या फळीच्या मुख्य शर्यतीत, सगळ्या फेऱ्या पूर्ण करून तिसरी आली. पुढल्या उन्हाळ्यात तिने स्वतःच फळीवरून स्प्रिंट काढली.

लेट मॉडेल या दोघींच्या मधली वाटते, पण तिचा स्वभाव वेगळाच आहे. बॉडी रुंद, चपटी, जमिनीलगत आलेली, चाकं झाकलेली. म्हणून गर्दीत ती सुरक्षित आहे आणि आमच्या ट्रॅकवर बहुतेक रात्री सर्वांत वेगाची फेरी हिचीच असते. मोटर सहसा १७.५ टर्नची (तारेच्या वेढ्यांची) ब्रशलेस. आकडा लहान तितकी मोटर वेगवान, हे एकदा कळलं की नियमांचा कागद वाचता येतो. त्याच कागदावर 'ब्लिंकी' असा शब्द दिसेल. ईएससीने, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीने, मोटरचा टायमिंग वाढवून जादा वेग काढायचा नाही असा त्याचा अर्थ, आणि तसं लावलं असेल तर ईएससीचा दिवा लुकलुकतो, म्हणून हे नाव.

या गाडीत चालवण्याइतकंच काम टेबलावर असतं. बॅटरी डावीकडे किती सरकवायची, मागच्या दोन चाकांच्या घेरात फरक किती ठेवायचा, कोणत्या कोपऱ्याला कोणती स्प्रिंग, पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) किती दात्यांचा. संध्याकाळी काट्यांचे टायर, नऊला जवळजवळ गुळगुळीत मऊ रबराचे. ट्रॅक सुकला की स्प्रिंग मऊ करायच्या, वजन थोडं मागे न्यायचं. प्रत्येक शर्यतीनंतर मोटरला तापमापक लावायचा, १६० फॅरनहाइटच्या पुढे गेली तर पिनियन लहान करायचा. ज्याला हे वहीत लिहून ठेवायला आवडतं त्याच्यासाठी लेट मॉडेलसारखा आनंद नाही. माझी स्वतःची गाडी हीच आहे. पण ज्याला अजून गाडी सरळ रेषेत ठेवता येत नाही, त्याला बिघाड स्प्रिंगमध्ये आहे की अंगठ्यात हे ओळखता येत नाही. तो दर आठवड्याला काहीतरी बदलत राहतो आणि आधीच्यापेक्षा जास्त गोंधळतो.

खर्चाचे आकडे आमच्या घरच्या वहीतले देतो, दुकानागणिक थोडे इकडेतिकडे होतील. स्ट्रीट स्टॉक बॅटऱ्या, चार्जर, ट्रान्सपॉन्डर आणि एका जादा बॉडीसह साडेचारशे ते साडेपाचशे डॉलर. तयार स्प्रिंट, लोसीची २२एस वगैरे, याच सगळ्यासह सहाशेपासून पुढे, आणि पहिल्या मोसमात दीडशेचे भाग वेगळे धरा. लेट मॉडेल बहुतेक किटच्या रूपात येते. कस्टम वर्क्ससारख्यांचं किट म्हणजे गाडीचा सांगाडा. मोटर, ईएससी, सर्व्हो (पुढची चाकं वळवणारी छोटी मोटर), रेडिओ हे सगळं तुम्ही घालायचं. नऊशेच्या खाली आम्हाला ते जमलं नाही. टायर तर लेट मॉडेलला महिन्याला एक जोडी लागते. जुनी गाडी घेणार असाल तर ट्रॅकवरच्याच माणसाची घ्या, कारण तिचे नियम, टायर, गिअर तिथलेच असतात आणि विकणारा दर शनिवारी भेटतो. एक खर्च मात्र कधीही कापू नका: लायपो बॅटरी चार्ज करायची आगरोधक पिशवी आणि भरवशाचा चार्जर.

माझं मत आता उघड आहे, तरी अपवाद सांगतो. तुम्ही आधी आरसी बगी चालवली असेल, हात बसलेला असेल, तर थेट लेट मॉडेल घ्या. स्ट्रीट स्टॉकमध्ये दोन महिन्यांत कंटाळाल. वडील आणि मूल दोघं मिळून येणार असाल तर दोघांनाही स्ट्रीट स्टॉक घ्या, भाग एकमेकांना चालतात आणि एकाची मोडली तर रात्र वाया जात नाही. आणि तुमच्या ट्रॅकवर स्प्रिंटच सर्वांत जास्त येत असतील, स्ट्रीट स्टॉक तीनही जमत नसतील, तर माझा सगळा सल्ला बाजूला ठेवा. ठरावीक गाड्या न आल्या तर तो क्लास त्या रात्री धावतच नाही. चांगली गाडी टेबलावर ठेवून बसण्यापेक्षा मोडकी गाडी घेऊन चौदाजणांत धावलेलं बरं.

म्हणून पैसे देण्याआधी एक शनिवार रिकाम्या हाताने जा. नावनोंदणीच्या टेबलावर लावलेल्या यादीत कोणत्या क्लासखाली किती नावं आहेत ते मोजा. पुढच्या आठवड्यात पुन्हा मोजा. नियमांचा कागद मागून घ्या. ट्रॅकवर सुट्या भागांची टपरी असेल तर तिथे कोणत्या गाडीचे पुढचे आर्म टांगलेत ते पाहा. मग मुख्य शर्यतीच्या वेळी चौथ्या वळणाशी उभे राहा, जिथे गाड्या चालकाकडे तोंड करून येतात. कोणत्या क्लासच्या गाड्या तिथून सरळ बाहेर पडतात आणि कोणत्या मार्शलच्या हातात जातात, हे अर्ध्या तासात दिसेल. चौथ्या वळणावर बहुधा मीच उभा असतो. हातात गाडी नसेल तर बोलायला या.