फॉसिल बी कापायचं की स्कॅन करायचं?

खान्देशात आपण ज्या काळ्या दगडावर राहतो तो दख्खनचा बसाल्ट, साधारण ६.६ कोटी वर्षं जुना, आणि अशाच लाव्हाच्या दोन थरांमधल्या तळ्याच्या गाळात छिंदवाड्याकडे मोहगाव कलानला सिलिकाने दगड झालेली फळं-बिया सापडतात. जीवाश्म वनस्पतींचे अभ्यासक बिरबल साहनींनी वर्णन केलेलं एनिग्मोकार्पॉन हे फळ तिथलंच. केळीच्या वंशात घातलेलं मुसा कार्डिओस्पर्मापण (ते खरंच केळं का यावर वाद आहे, जळगावकरांनी लगेच कॉलर टाइट करू नये).

आता आत बघायचं कसं? जुनी पद्धत म्हणजे डायमंड ब्लेडने काप काढा, काचेवर चिकटवा नि घासत घासत पार ३० मायक्रॉनच्या (म्हणजे ०.०३ मिमीच्या) आसपास आणा, मग मायक्रोस्कोपखाली बीजावरणाच्या एकेक पेशी दिसतात, बाहेरच्या जाड भिंतीच्या वेगळ्या, आतल्या पातळ वेगळ्या, रंगसुद्धा. पण भो, ब्लेडच्या जाडीएवढा माल भुकटी झाला तो गेलाच, आणि काप तिरका गेला तर बी कुठे नि फळाचा कप्पा कुठे.

मायक्रो-सीटीत, म्हणजे एक्स-रेने आतलं त्रिमितीय चित्र काढणाऱ्या स्कॅनमध्ये, नमुना अख्खा राहतो, स्क्रीनवर हव्या त्या दिशेने कितीदाही कापा. गोची एकच, चर्टमध्ये (सिलिकाच्या कठीण दगडात) बी पण सिलिका नि भोवतालचा दगड पण सिलिका, घनता जवळपास सारखी, म्हणून बऱ्याचदा सगळं करडंच दिसतं. पायराइट (लोह-गंधकाचं खनिज) झालेल्या किंवा कोळसा झालेल्या बियांना मात्र सीटीच भारी.

माझं विचाराल तर एकच नमुना असेल तर आधी स्कॅन, मग काप. डझनभर असतील तर सरळ कापा, फक्त फोटो नि मापं आधी घ्या.