तुटलेली दाढ काढली नाही, वाचवली : आठ महिन्यांनंतरचा अनुभव

संक्रांतीच्या चिक्कीत खडा लागला आणि उजवीकडच्या खालच्या दाढेचा जिभेकडचा कोपरा कटकन तुटला. त्या दाढेत खूप वर्षांपूर्वी चांदी भरली होती. चांदी जागेवर राहिली, भिंत गेली. दुखत नव्हतं म्हणून 4 दिवस काढले. ही माझी चूक. पाचव्या रात्री कानापर्यंत ठणका गेला, गोळी घेऊनही डोळा लागला नाही.

पहिल्या दवाखान्यात एक्स-रे न काढताच 'दाढ काढा, इम्प्लांट (हाडात स्क्रू रोवून त्यावर नकली दात) बसवू' असं सांगितलं. आईला पटलं नाही. "काहून काढतं बाप्पा? आधी दुसऱ्या डॉक्टरले दाखव." म्हणून नागपुरातच धरमपेठेत दातांच्या एका डॉक्टर मॅडमकडे गेलो. त्यांनी एक्स-रे समोर धरून समजावलं : मुळं शाबूत आहेत, चीर हिरडीखाली गेलेली नाही, आणि हिरडीच्या वर चहूबाजूंनी 2 मिलिमीटर तरी चांगला दात उरला आहे, म्हणजे कॅपला, दातावर बसवायच्या टोपीला, पकड मिळेल. चीर मुळात उतरली असती तर दाढ काढावीच लागली असती. नुसता टवका उडाला असता तर दाताच्या रंगाचं फिलिंग पुरलं असतं. माझी नस मात्र सडली होती, त्यामुळे रूट कॅनाल, म्हणजे सडलेली नस काढून आतली पोकळी साफ करून भरणं.

इम्प्लांटबद्दल विचारलं. स्क्रू हाडात पक्का व्हायला साधारण 3 ते 6 महिने लागतात, आणि ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला नकली दात) करायचा तर शेजारचे दोन चांगले दात घासावे लागतात. स्वतःचा दात टिकत असताना हे कशाला?

रूट कॅनालच्या 3 बैठका झाल्या. सुन्न केल्यावर दुखलं नाही. दाढेभोवती रबराचा पडदा लावल्यामुळे औषधाचं पाणी घशात गेलं नाही. ठणका पहिल्याच बैठकीनंतर थांबला. आता बरं वाटतंय म्हणून कॅप पुढे ढकलू नका, असं मॅडमनी बजावलं होतं. पोखरलेली दाढ चावताना उभी चिरते. मी झिरकोनियाची (दाताच्या रंगाच्या कणखर सिरॅमिकची) कॅप घेतली. धातूवर सिरॅमिक चढवलेली स्वस्त पडते, पण तिचा वरचा थर कधीकधी उडतो. मला एकूण 13,500 रुपये लागले. एवढं जमत नसेल तर मेडिकलच्या (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या) आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात जा. खर्च बराच कमी येतो, फक्त फेऱ्या जास्त होतात.

कॅप बसल्यावर आठवडाभर जबडा दुखला. दात मिटले की तीच दाढ आधी टेकायची. दाब कुठे जास्त पडतो ते बघायला मॅडमनी दातांमध्ये निळा कागद ठेवला. "काका, कटकट चावा. आता बाजूला घासा." कॅपवर एक गडद निळा ठिपका उमटला, तेवढाच त्यांनी घासला. असं तीनदा केलं. घरी येऊन त्याच बाजूने पोळी खाल्ली, तेव्हा कुठे जिवात जीव आला.

मे महिन्यात माठाचं पाणी, बर्फाचा गोळा, सगळं झालं. त्या दाढेला काही कळत नाही. त्रास एकच : कॅप आणि शेजारच्या दाताच्या फटीत तर्री-पोह्यातल्या चण्याची सालं अडकतात. रोज रात्री दोरा फिरवतो, कारण कॅपच्या कडेखाली दात पुन्हा किडू शकतो. फुटाणे अजूनही डावीकडूनच खातो.

परवा पुन्हा एक्स-रे काढला. जानेवारीत मुळाच्या टोकाशी जो काळा डाग होता, तो आता बराच पुसट झाला आहे.