५९ हॉर्सपॉवर वाढले, फक्त कागदावर

रीमॅप, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमधले आकडे बदलून ताकद वाढवण्याचं काम, झाल्यावर गाडी बाहेर काढली, पेडलला नुसता पाय लावला, तर ती अशी उसळली की माझ्या तोंडून शिवीच निघाली, आनंदाची. शेजारी बसलेला ट्युनर, म्हणजे हे काम करणारा, हसला. "सर, आत्ता कुठे तुमची गाडी जागी झाली." त्या एका उसळीवर मी उरलेले पैसे दिले आणि वर त्याचे आभारही मानले. पुढचे दोन महिने मित्रांना शेजारी बसवून तीच उसळी दाखवत फिरलो.

गाडी दोन लिटर टर्बो पेट्रोल, कंपनीच्या आकड्यानुसार २४५ हॉर्सपॉवर. ट्युनरची बोली अशी होती की ताकद साठेक हॉर्सपॉवरने वाढेल आणि मायलेजही पंधरा टक्के सुधारेल. यातला ताकदीचा भाग अशक्य नव्हता, म्हणून तर फसलो. टर्बो इंजिन कंपनी सहसा पूर्ण पिळून विकत नाही. हलकं पेट्रोल, कडक ऊन, गिअरबॉक्सची सहनशक्ती, या सगळ्यासाठी थोडी जागा राखलेली असते. एकच इंजिन दोन मॉडेलांत दोन वेगळ्या ताकदींनी विकलं जातं ते याच जोरावर. बूस्ट (टर्बो इंजिनात दाबून भरतो त्या हवेचा दाब) थोडा चढवला, इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) थोडं पुढे घेतलं, टॉर्कची, म्हणजे इंजिनाच्या पिळाची, मर्यादा सैल केली, की चांगल्या पेट्रोलवर वीस-पंचवीस टक्के वाढ खरोखर मिळू शकते. टर्बो नसलेल्या इंजिनात नुसत्या रीमॅपने फारसं काही हाती लागत नाही. तिथे कोणी तीस टक्क्यांच्या गोष्टी करायला लागला तर नमस्कार करून उठावं.

हे सगळं मला माहीत होतं. अर्धवट माहिती असलेलं गिऱ्हाईक अशा ट्युनरांना सगळ्यात जास्त आवडतं, कारण समजावण्याचे कष्ट वाचतात.

मायलेजच्या आश्वासनावर मात्र कान टवकारायला हवे होते. गाडी संथ चालत असताना ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, लॅम्डा सेन्सरच्या (धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या) मदतीने हवा आणि पेट्रोलचं प्रमाण १४.७ ला १ च्या आसपास धरून ठेवतो. त्यातून आणखी पंधरा टक्के काढणार कुठून? पूर्ण ताकद मागितली की तर पेट्रोल मुद्दाम जास्त सोडावं लागतं, साधारण साडेबाराला एक, म्हणजे आतली उष्णता आवरते आणि नॉकिंग (पेट्रोलचं अवेळी भडकणं) टळतं. घोडा जास्त पळवायचा आणि चंदीही वाचवायची, असा तो सौदा होता. मी डोळे मिटून हो म्हटलं.

शंका आली ती टाकीमुळे. डॅशबोर्ड सरासरी लिटरला ११.५ किलोमीटर दाखवत होता, पूर्वी १०.३ दाखवायचा. मी खूश. पण पेट्रोलचा खर्च काही कमी होईना. शेवटी टाकी काठोकाठ भरली, किलोमीटर लिहून ठेवले, पुन्हा काठोकाठ भरली. असं तीनदा केलं. हिशेब आला ९.८. म्हणजे मायलेज उलट घसरलं होतं आणि डॅशबोर्ड बिनदिक्कत वाढ दाखवत होता.

मग गाडी ट्रॅकवर नेली. रीमॅपच्या आधी तिथेच जीपीएसने ताशी १०० ते २०० किलोमीटर वेग गाठण्याची वेळ घेतलेली होती, १६.९ सेकंद. आता १६.८. साठ हॉर्सपॉवर खरंच वाढले असते तर दोनेक सेकंदांचा फरक सहज दिसला असता. एक दशांश सेकंद तर वाऱ्याच्या झुळकीनेही इकडचा तिकडे होतो.

घरी येऊन ट्युनरने रीमॅपच्या आधी आणि नंतर दिलेले डायनोचे, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्राचे, दोन्ही कागद समोर मांडले. आधीचा २१२, नंतरचा २७१, फरक ५९. पहिला कागद दाखवताना ट्युनर म्हणाला होता, "बघा सर, कंपनीने सांगितलेले २४५ सुद्धा मिळत नाहीयेत तुम्हाला." मला गाडीची दया आली होती! आता कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाचली. पहिल्या कागदावरचा आकडा चाकांवरचा, दुसऱ्यावरचा फ्लायव्हीलचा, म्हणजे थेट इंजिनाचा. गिअरबॉक्स आणि टायर यांत दहा-पंधरा टक्के ताकद जिरते, त्यामुळे चाकांवर २१२ म्हणजे इंजिनाचे २४५ जवळपास जसेच्या तसे. गाडीत काहीच कमी नव्हतं.

उरलेले सव्वीस कुठून आले ते त्याच्या खालच्या ओळीत होतं. हवेचं तापमान आणि दाब यांनुसार डायनो आकडा दुरुस्त करतो, म्हणजे वेगवेगळ्या दिवशीच्या चाचण्या एका पातळीवर येतात. पहिल्या कागदावर २० अंश आणि १०१३ मिलिबार. दुसऱ्यावर ५० अंश आणि ९६०. दोन चाचण्यांत अंतर अर्ध्या तासाचं. समुद्रसपाटीला ९६० म्हणजे मोठ्या चक्रीवादळाच्या डोळ्यातला दाब. वादळ आलं, गेलं, आणि मी बाहेर बाकावर मोबाईल बघत बसलो होतो. हे दोन आकडे भरले की गुणक १.१०८ येतो. २४५ गुणिले १.१०८ बरोबर २७१. एक घोडाही इकडे-तिकडे नाही. शिवाय टर्बो गाडीचा ईसीयू दाबातला फरक बराचसा स्वतःच भरून काढतो, त्यामुळे एरवीसुद्धा ही दुरुस्ती तिला फुकटचे गुण देते.

कागद बनावट असेल म्हणून मी टॉर्कचा ताळाही करून पाहिला होता. न्यूटन मीटर गुणिले आरपीएम, भागिले ७०२३, की मेट्रिक हॉर्सपॉवर येतात. ५,५०० आरपीएमला ३४६ न्यूटन मीटर, उत्तर २७१. गणित चोख बसलं, कारण मशीन खरं होतं. त्याला भरवलेले आकडे खोटे होते.

ओळखीच्या एका तंत्रज्ञाने ईसीयूतली फाईल वाचून मूळ फाईलशी ताडून दिली. बूस्ट, टायमिंग, टॉर्क यांचे तक्ते कारखान्यातून आले तसेच होते. बदललेला होता फक्त पेडलचा तक्ता: जिथे तीस टक्के दाबल्यावर थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) साधारण तेवढाच उघडायचा, तिथे आता साठच्या वर. पूर्ण दाबलं की अर्थातच शंभरचे शंभर, जुने आणि नवे सारखेच. ती उसळी म्हणजे एवढंच. गाडी तीच, माझ्या पायाचं चलन वधारलेलं. डॅशबोर्डचं कोडं तर आणखी सोपं निघालं. अनेक गाड्यांत खपाचा आकडा जुळवून घेण्यासाठी डायग्नोस्टिक टूलमधून टक्केवारी भरता येते. तिथे १०० च्या जागी ८५ होते. ९.८ भागिले ०.८५, करून बघा.

ट्युनरला फोन केला. पहिल्यांदा म्हणाला, "ईसीयूला शिकायला वेळ लागतो सर, हजार किलोमीटर चालवा." इंधनाच्या बारीक दुरुस्त्या ईसीयू शिकतो हे खरं, पण न बदललेल्या तक्त्यातून तो काय शिकणार? पुढच्या फोनला माझं पेट्रोल खराब ठरलं. फाईलची तुलना पाठवल्यावर उत्तर आलं की ती फाईल त्याची "बौद्धिक संपत्ती" असून ती वाचून मीच कराराचा भंग केला आहे. त्यानंतर फोन उचलणं बंद. करार म्हणजे ज्यावर मी न वाचता सही केली तो कागद. त्यात वाढीचा एकही आकडा नव्हता, "अनुभवात सुधारणा" असे शब्द होते. अनुभवात सुधारणा झालीच होती, कोर्टात काय सांगणार?

ईसीयूत फाईल किती वेळा लिहिली गेली हे मोजणारा काउंटर माझ्या गाडीत आहे, आणि तो आता कारखान्याच्या आकड्याशी जुळत नाही. इंजिनाच्या वॉरंटीचं काय होणार हे त्यावरून ठरेल. न वाढलेल्या ताकदीसाठी.

तंत्रज्ञाने मूळ फाईल परत घातली, टक्केवारी शंभरवर आणली. गाडी घेऊन निघालो तर ती मला मरतुकडी वाटली, पेडल जणू चिखलात रुतलेलं. सगळं गणित स्वतः करून बसलेलो होतो, तरी पहिले दोन दिवस ती खोटी उसळी आठवत राहिली.