औरंगपुऱ्यातल्या कोलाइन नोट्स: ७० रुपयांत काय पदरात पडतं?

संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात जेरॉक्सवाल्यांकडे सेट-नेटच्या पोरांसाठी स्पायरल नोट्स मिळतात. त्यातलीच ही हेंड्रिकस कोलाइनवरची, म्हणजे आधी लष्करी अधिकारी आणि पुढे नेदरलँड्सचा पंतप्रधान झालेल्या माणसावरची, २८ पानी पुस्तिका.

लष्करी भाग झकास. १८९४ ची लोंबोक बेटावरची (आजच्या इंडोनेशियातली) मोहीम, मग सुमात्रातलं आचे, तिथे डच सेनानी फान ह्युट्सचा सहायक, हा क्रम बरोबर आहे. लोंबोकमध्ये बायका-मुलांना मारल्याचं त्याने स्वतःच पत्नीला पत्रातून कळवलं होतं. तेही झाकलेलं नाही. फक्त पान ४ वर 'डच लष्कर' आहे, तिथे पेनाने दुरुस्ती करा. तो वसाहतीच्या ईस्ट इंडीज (आजचा इंडोनेशिया) लष्करात होता आणि ते मायदेशच्या सैन्याहून वेगळं. पेपर काढणारे नेमके इथेच पकडतात.

खरा घोळ राजकारणात. १९०९ ला खासदार, १९११ ते १३ युद्धमंत्री, आणि तिथून थेट उडी १९३३ वर! मधलं तेल कंपनीतलं संचालकपद, १९२३ चं अर्थमंत्रिपद, १९२५-२६ चं पहिलं पंतप्रधानपद, सगळं गायब. मग शेवटी 'पाच मंत्रिमंडळं' लिहिलंय त्याचा हिशोब लागणार कसा? १९३३ ते ३९ मध्ये चारच भरतात.

सुवर्णमान, म्हणजे चलनाची किंमत सोन्याला बांधण्याची पद्धत, सोडल्याची तारीख (सप्टेंबर १९३६) आहे, कारण नाही. गिल्डर हे डच चलन महाग राहिल्याने निर्यात अडली, बेकारी वाढली. शेवटी फ्रान्सनेही सुवर्णमानाची साथ सोडली. एवढं समासात लिहून ठेवा.

जेरॉक्सवर सुमात्राचा नकाशा नुसता काळा ठिक्कर येतो. दुकानदाराकडून मूळ फाइलवरूनच प्रिंट मागा, पानामागे दोन रुपये जास्त पडतात.