एसएसडीवर आठ महिने: बटण दाबल्यापासून काम सुरू होईपर्यंत

आधी आकडा सांगते, कारण असले अनुभव वाचताना मी स्वतः तोच शोधत खाली जाते. आठ महिन्यांपूर्वी मी घरच्या संगणकातलं विंडोज जुन्या हार्ड डिस्कवरून एसएसडीवर (फिरते भाग नसलेल्या, चिपवर साठवणाऱ्या डिस्कवर) हलवलं. बटण दाबल्यापासून ब्राउझरमध्ये पहिलं पान उघडेपर्यंत आधी ३ मिनिटं ४० सेकंद लागायची, आता ३८ सेकंद लागतात. मोबाइलचं स्टॉपवॉच लावून, दर वेळी तीनदा मोजलंय.

'डेस्कटॉप दिसेपर्यंत' असं मुद्दाम म्हटलं नाही. जुन्या हार्ड डिस्कवरही डेस्कटॉप दीड मिनिटात दिसायचा, पण ते नुसतं चित्र. आयकॉनवर क्लिक केलं की निळं वर्तुळ गरगरत बसायचं, आतून करकर आवाज यायचा. टास्क मॅनेजर (कोण किती काम करतंय ते दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडला तर डिस्क १०० टक्के आणि प्रोसेसर १०-१५ टक्क्यांवर निवांत. दुखणं कुठे आहे ते तिथेच दिसत होतं. मी मात्र वर्षभर भलतीकडेच औषध लावत होते.

विंडोजचा 'प्रीफेच' नावाचा फोल्डर रिकामा करून पाहिला. त्याने पुढची सुरुवात उलट आणखी रेंगाळली, कारण कोणती फाइल कधी लागते याची विंडोजने करून ठेवलेली टिपणंच मी पुसली होती. एमएसकॉन्फिग या विंडोजच्या सेटिंग्जच्या खिडकीत जाऊन प्रोसेसरची संख्या ४ निवडायचा उपाय तर हमखास कुणी ना कुणी सुचवतंच. विंडोज मुळातच प्रोसेसरचे सगळे कोअर (आतले काम करणारे भाग) वापरतं. ती खूण संख्येवर मर्यादा घालण्यासाठी आहे, वाढवण्यासाठी नाही. रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही) साफ करणारं एक सॉफ्टवेअरही टाकलं होतं. ते स्वतःच सुरुवातीला चालू होणाऱ्यांच्या यादीत जाऊन बसलं!

फुकटातला एकच उपाय लागू पडला: टास्क मॅनेजरमधल्या 'स्टार्टअप' यादीतून नको ते बंद करणं. गाण्यांचं ॲप, दोन चॅटची, प्रिंटरवाल्याचं 'मदतनीस', तीन अपडेटर. एवढ्याने जवळपास ४० सेकंद वाचले. यादीत ज्याच्यापुढे परिणाम 'हाय' लिहिलेला असतो ते सुरुवातीला ३ एमबीपेक्षा जास्त डिस्क किंवा सेकंदाहून जास्त प्रोसेसर खातं, म्हणून आधी त्यांच्याकडे बघा. अँटिव्हायरसला हात लावू नका.

मग एसएसडी. माझा मदरबोर्ड इतका जुना की त्यावर डिस्क जोडायला साटा-२ चेच, म्हणजे जुन्या, कमी वेगाचे पोर्ट आहेत. खोक्यावर सेकंदाला ५५० एमबी लिहिलंय, मला २७० च्या आसपास मिळतात. याच कारणाने मी खरेदी लांबवत राहिले, आणि तेच चुकलं. संगणक सुरू होताना हजारो बारीकसारीक फाइल्स इकडून तिकडून वाचल्या जातात. मिनिटाला ७२०० फेरे मारणाऱ्या तबकडीचा एक फेरा ८.३ मिलिसेकंदांचा, म्हणजे हवी ती जागा डिस्कच्या वाचणाऱ्या डोक्याखाली येण्याची वाट सरासरी ४ मिलिसेकंद बघायची, त्याआधी डोकं तिथवर सरकायला आणखी ८-९. सेकंदाला जेमतेम ७०-८० वाचनं होतात. एसएसडीत फिरायला आणि सरकायला काही नाहीच, एक वाचन मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास उरकतं. पोर्ट जुना असला तरी हा फरक बुडत नाही.

जुन्या डिस्कची क्लोन (हुबेहूब प्रत) एसएसडीवर करायला अडीच तास लागले. संगणक चालू केला आणि मी बाबांना म्हटलं, "बघा, काय पळतंय!" तेही हो म्हणाले. स्टॉपवॉच मात्र तेच तीन मिनिटं दाखवत होतं. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या प्रोग्रॅममध्ये) बूटचा क्रम, म्हणजे आधी कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचं ते, बदललाच नव्हता, सगळं जुन्या डिस्कवरूनच चालू होत होतं. तेव्हापासून 'जाणवण्याइतका फरक पडला' या वाक्यावरचा माझा विश्वास उडाला आहे. क्लोननंतर पहिल्यांदा चालू करताना जुन्या डिस्कची केबल काढूनच ठेवा.

हा सल्ला मी स्वतः नीट पाळला नाही. क्रम बदलला, पण जुन्या डिस्कवरचं विंडोज तसंच राहू दिलं. पाचव्या महिन्यात मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला, बायोसची सेटिंग्ज पुसली गेली आणि एके सकाळी संगणक पुन्हा जुन्या डिस्कवरून उठला. पाच महिन्यांपूर्वीचा डेस्कटॉप समोर! बाबांना वाटलं, त्यांच्या सगळ्या फाइल्स गेल्या. सेल बदलला, क्रम लावला आणि मग जुनी डिस्क पुसून ती फक्त फोटोंसाठी ठेवली.

फास्ट स्टार्टअपबद्दल थोडं. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, 'शट डाउन' म्हटलं तरी संगणक पूर्ण बंद होत नाही. कर्नल (विंडोजचा गाभा) आणि ड्रायव्हर (जोडलेली उपकरणं चालवणारे प्रोग्रॅम) यांची स्थिती डिस्कवर लिहून ठेवतो आणि पुढच्या वेळी तीच उचलतो. माझ्याकडे रोज बंद करूनही टास्क मॅनेजर 'अप टाइम' १९ दिवस दाखवत होता. त्यामुळे एखादा ड्रायव्हर बिघडला की बंद-चालू करून सुधारत नाही, रीस्टार्टच करावं लागतं. आमचा यूएसबी वाय-फाय नेमका असाच रुसायचा. मी फास्ट स्टार्टअप बंद केलं. चालू ठेवलं तर ३१ सेकंद, बंद ठेवलं तर ३८. हार्ड डिस्कवर असते तर बंद करायचा विचारही केला नसता.

या ३८ पैकी १४ सेकंद विंडोजचे नाहीतच, ते बायोसचे. एसएसडीने त्यांना धक्काही लागत नाही. आधी ते २० होते. नेटवर्कवरून बूट करायचा पर्याय बंद केला आणि मागे कायम खोचलेली बाहेरची डिस्क काढली, तेव्हा ६ कमी झाले.

आठ महिन्यांत गती एकदाच ढासळली, २४० जीबीपैकी फक्त ११ मोकळे उरले तेव्हा. व्हिडिओ हलवले, पूर्ववत झालं. एसएसडी डिफ्रॅग करावी लागत नाही; विंडोजचं 'ऑप्टिमाइझ' ती ओळखून ट्रिम (कोणती जागा आता मोकळी आहे ते सांगणारी सूचना) पाठवतं, ते ठरल्या वेळी आपोआप होतं.

एक तक्रार अजून सुटलेली नाही. फाइल 'सेव्ह ॲज' करायला गेलं की कधीकधी खिडकी सात-आठ सेकंद गोठते आणि आतून घरघर ऐकू येते. झोपलेली जुनी डिस्क त्या खिडकीसाठी जागी होत असते. पॉवर ऑप्शन्समध्ये तिची झोप बंद करता येते, पण मग ती दिवसभर फिरत राहणार. सध्या मी ते सात सेकंद सहन करतेय.