सांगोल्याची आमदारकी: पाचपैकी चार स्टार

मोटार पंपाला, ठिबकच्या नळ्यांना मी ऑनलाइन स्टार दिलेत. आमच्या घरात तीन पिढ्यांनी वापरलेल्या सेवेला मात्र कुणीच दिले नाहीत, म्हणून हे लिहितोय. सेवा सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याच्या आमदारकीची, देणारे आबा, म्हणजे भाई गणपतराव देशमुख, शेतकरी कामगार पक्षाचा, म्हणजे शेकापचा, लाल बावटा. १९६२ साली पहिल्यांदा निवडून आले, २०१४ ला अकराव्यांदा. तेव्हा वय ८८. मध्ये १९७२ ला आणि १९९५ ला तालुक्याने घरी बसवलं होतं, तेही सांगितलं पाहिजे; नाहीतर बाहेरच्यांना वाटतं आम्ही डोळे झाकून शिक्का मारत होतो.

एसटीत पुढच्या एका सीटवर आमदारांसाठी राखीव असं रंगवलेलं असतं. बाकी महाराष्ट्रात तो चेष्टेचा विषय. आमच्याकडे त्या सीटवर खरंच आमदार बसायचे. पांढरा सदरा, हातात पिशवी, आणि शेजारी बसलेला माणूस तिकीट काढायच्या आधी आपलं गाऱ्हाणं काढणार. भेटीसाठी पीए गाठा, बंगल्याबाहेर थांबा, ही भानगड नाही. या एका गोष्टीसाठी पाचपैकी पाच.

सूतगिरणीचं नाव सगळे घेतात. कापूस न पिकणाऱ्या दुष्काळी तालुक्यात सहकारी सूतगिरणी काढायची आणि चालवूनही दाखवायची, हे सोपं नव्हतं. सहकारात संस्था काढणारे गल्लोगल्ली आहेत. चालवणारे शोधावे लागतात.

आता पाणी. एक स्टार इथे कापलाय. दुष्काळी तालुक्यांच्या पाण्यासाठी भरणाऱ्या आटपाडीच्या पाणी परिषदेत वाळव्याचे स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींबरोबर आबा वर्षानुवर्षं भांडले. कृष्णेचं पाणी कराडजवळ टेंभूला उचलून टप्प्याटप्प्याने वर चढवत माणदेशात आणायचं, ही मागणी लोकांनी आधी हसण्यावारी नेली होती. पाणी आलं, पण तोवर आमच्या वडिलांची पिढी रोजगार हमीची खडी फोडून म्हातारी झाली. आबा १९७८ ला आणि १९९९ ला मंत्री होते, एवढं सोडलं तर बहुतेक काळ विरोधी बाकावर. पक्ष बदलला असता तर पाणी लवकर आलं असतं, असं चावडीवर अजून बोलतात. मला पटत नाही. सत्तेतल्या पक्षात उड्या मारलेले आमदार शेजारच्या तालुक्यांनीही बघितलेत, त्यांच्या पाटाला काय फार घाई झाली नाही. तरी उशीर तो उशीर. डाळिंबाची बाग टँकरवर जगवलेल्या माणसाकडून पाचवा स्टार मागू नका.

३० जुलै २०२१ ला आबा गेले. त्याआधी २०१९ ला ते उभे नव्हते. नातू ७६८ मतांनी पडला आणि शिवसेनेचे शहाजीबापू पाटील आमदार झाले. मग बापूंच्या ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील’ या फोनवरच्या बोलण्यामुळे सांगोला अख्ख्या देशाला माहीत झाला. करमणुकीला स्टार द्यायचे असते तर मी हात आखडता घेतला नसता.

२०२४ ला आबांचे दुसरे नातू, डॉ. बाबासाहेब देशमुख, शेकापकडूनच निवडून आले. त्यांचं रेटिंग इतक्यात नाही. आमचं रान चारीच्या, म्हणजे कालव्याच्या फाट्याच्या, टेलला, अगदी शेवटच्या टोकाला आहे. वरचे दारं मोडून पाणी घेतात आणि आमच्या पाळीला नुसता चिखल येतो. उन्हाळ्याच्या आवर्तनात ते बंद झालं की लिहीन.